सायरनची कवळी

कवळ्या बनवणाऱ्या माणसाचं कौतुक कोणी करत नाही, कारण चांगली कवळी म्हणजे जी कोणाच्या लक्षातच येत नाही. काम नीट झालं की लोक त्याला विसरतात आणि बिघडलं की जेवताजेवता त्याची आठवण काढतात. अशा धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाला कधीतरी वाटणारच, की आपल्या हातून एखादी गोष्ट अशी व्हावी जी मोठ्याने वाजेल.

गल्लीत सगळे त्याला कवळीवाला म्हणत. त्याचं दुकान नव्हतं, वर्कशॉप होतं, आणि हा फरक तो न विचारता समजावून सांगत असे. तळमजल्यावरची लांबट खोली. एका भिंतीला टेबल, त्यावर गॅसची बारीक ज्योत, मेण कोरायच्या सुऱ्या आणि पॉलिश करायचं मोटरचं चाक. समोरच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर लोकांचे जबडे. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवत. हा त्यात प्लास्टर ओतून जबडा काढी आणि त्या जबड्यावर कवळी बसवी. काम संपलं तरी जबडा टाकत नसे. "माणूस परत येतो," असं त्याचं म्हणणं. त्यातली काही माणसं आता कुठूनच परत येणार नव्हती, पण त्यांचे जबडे फळीवर शिस्तीत बसून होते.

रविवारी दुपारी याच खोलीत एक रॉक बँड वाजायचा. बँडचं नाव 'जबडा'. कवळीवाला गिटार वाजवायचा आणि गायचा. ड्रमवर त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा गाद्यांचा धंदा होता, त्यामुळे आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना लावायच्या गाद्या घरच्याच होत्या. बास गिटारवर भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत. बाई शेजारीच राहायच्या. आवाजाची तक्रार करायला म्हणून एकदा आल्या आणि "तुमच्यात खालचा सूर कमी पडतोय" असं सांगून थांबल्या, त्या थांबल्याच.

आजवर त्यांनी दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या लग्नांत वाजवली होती. आता स्वतःचा अल्बम करायचा होता. कोणत्याही कंपनीच्या दारात जायचं नाही, असं तिघांनी एकमताने ठरवलं. कंपन्यांनी त्यांना बोलावलेलंही नव्हतं, त्यामुळे यावर फार चर्चा झाली नाही.

अल्बमचं नाव ठरलं होतं 'सेहेचाळीस'. म्हणजे महायुद्ध संपल्यानंतरचं पहिलं पूर्ण साल. कवळीवाल्याचा जन्म त्याच्या बऱ्याच नंतरचा, पण त्याच्या वडिलांचं प्रत्येक दुसरं वाक्य "सेहेचाळीस साली" असं सुरू व्हायचं आणि खोकल्यात संपायचं. वडील गेले, वाक्यं अर्धवट राहिली. त्या साली नक्की काय झालं हे कवळीवाल्याला कळलं नाही, पण जग तिथे कुशीवर वळलं एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. "लढाई संपली त्या दिवसावर सगळे गाणी करतात," तो म्हणे. "दुसऱ्या दिवशी सकाळी उठून भांडी कोणी घासली, त्यावर कोणी करत नाही." हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की तो ते माप घेऊन येणाऱ्या डॉक्टरांच्या शिपायांनाही ऐकवायचा.

ते साल प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस घरात एकच उरलं होतं. त्याची आत्या. ती तेव्हा सात वर्षांची होती. आता तिला ऐकायला नीट येत होतं, दिसायला बरं दिसत होतं आणि बोलायला जरा जास्तच येत होतं. कवळीवाला तिच्यासमोर बसला.

"आत्या, सेहेचाळीस साली काय झालं?"

"सफरचंद आलं."

"तसं नाही गं. जगात काय झालं?"

"जगाचं मला काय माहीत? आमच्याकडे सफरचंद आलं. लढाईच्या वर्षांत फळ असं बघितलंच नव्हतं. तुझ्या आजोबांनी कुठूनतरी एक आणलं. घरात आठ माणसं. मध्ये ठेवलं आणि सगळे बघत बसलो."

"मग?"

"मग काय? सगळ्यांना फोड मिळाली. माझे पुढचे दात पडलेले. मला चावेना. मी नुसतीच चोखत बसले, तर तुझ्या बापाने हातातून ओढून खाल्ली."

कवळीवाल्याला यात गाणं दिसलं नाही. फोड पळवणारा स्वतःचा बाप घेऊन रॉक संगीतात फार लांब जाता येत नाही. त्याने तिला खोदून खोदून विचारलं, तेव्हा बाकीचं निघालं. हेल्मेट बनवणाऱ्या कारखान्याने उरलेल्या पत्र्याची पातेली बनवली आणि त्यातलं एकही चुलीवर सरळ बसायचं नाही. शेजारणीचा नवरा रणांगणावरून धडधाकट परत आला आणि घरी येऊन जिन्यावरून पडला. ही गाणी झाली. बाईंनी स्वतः एक गाणं लिहिलं, त्या साली बदललेल्या नकाशावर. प्रत्येक सरहद्दीला एक कडवं होतं. मेहुण्याने ते वाचून खाली ठेवलं.

"बाई, एवढ्या सरहद्दी ओलांडेपर्यंत ड्रमवाला वारेल."

"एकही काढता येणार नाही. चुकीचा नकाशा मी आयुष्यात दिलेला नाही."

"मग दोन देश तरी जोडून टाका."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पुढची दोन गाणी मान खाली घालून वाजवली.

पण अल्बमचा प्राण शेवटच्या गाण्यात होता. लढाईच्या काळात कारखान्याच्या छतावर सायरन बसवला होता. तो वाजला की विमानं आली असं समजायचं आणि टेबलाखाली शिरायचं. लढाई संपली, विमानं गेली, पण एवढा चांगला सायरन फुकट का घालवायचा, म्हणून कारखान्याने तो कामगारांच्या पाळ्या सुरू झाल्याचं सांगायला ठेवला. परिणामी सेहेचाळीस साली सगळं गाव दिवसातून अनेकदा टेबलाखाली होतं. शांतता झाली आहे हे डोक्याला माहीत होतं, गुडघ्यांना माहीत नव्हतं. आत्याची आई शेवटी वैतागली आणि दुपारच्या पाळीच्या वेळी ताटं टेबलाखालीच वाढू लागली.

आणि आत्याला तो सायरन तोंडाने काढता यायचा. हे सगळ्या कुळाला ठाऊक होतं. खालून उठणारा, चढत जाणारा, वर जाऊन थरथरणारा आणि मग पोटात खड्डा पाडत उतरणारा आवाज. घरात पोरं फार पायात घोटाळू लागली की ती तो काढायची आणि खोली रिकामी व्हायची. कवळीवाला लहानपणी त्या आवाजाने तीन खोल्या पळाला होता, आणि आयुष्यात काही वाजवावं ही इच्छा आपल्याला तिथेच झाली, असं त्याचं मत होतं. शेवटचं गाणं त्या सायरनवर संपणार होतं. बाकी वाद्यं थांबतील आणि एकटी आत्या वाजेल. तो आवाज पकडता आला तर अल्बम आहे; नाही तर ती लग्नात वाजवायची आणखी काही गाणी आहेत, हे त्याने दोघांनाही सांगून ठेवलं होतं.

इथे त्याच्या हातून जी चूक झाली, ती फक्त कवळीवाल्याच्याच हातून होऊ शकते.

आत्याची वरची कवळी जुनी होती. कोणा दुसऱ्या कारागिराची. ती टाळूला बसत नव्हती, बोलताना खाली यायची, आणि पुढच्या दोन दातांत काडी जाईल एवढी फट होती. कवळीवाला तिच्यासमोर बसला की त्याला तिचं बोलणं ऐकू यायच्या आधी ती कवळी दिसायची. आत्या मात्र बदलू देत नव्हती. "चालतंय की," म्हणायची आणि दुधात पाव बुडवून खायची. रेकॉर्डिंग ठरलं तेव्हा कवळीवाल्याला निमित्त मिळालं. मायक्रोफोन सगळं पकडतो, कवळीची खडखड गाण्यात येईल, असं सांगून त्याने तिला पटवलं.

मग त्याने जीव ओतून काम केलं. माप स्वतः घेतलं. मेणात दात लावले, पुन्हा काढले, पुन्हा लावले. वयाला शोभेल असा दातांचा रंग निवडला. एका दाताला अगदी किंचित वाकडेपणा दिला, कारण अगदी सरळ दात खोटे वाटतात. कवळी आत्याच्या तोंडात गेली आणि टाळूला अशी चिकटली, की आत्याने जिभेने ढकलून पाहिलं आणि हलेना, तेव्हा ती थोडी घाबरली. मग आरशात पाहिलं. मग हसली. कवळीवाल्याच्या धंद्यात याहून मोठं बक्षीस नसतं.

जुनी कवळी त्याने वर्कशॉपात आणली. असली वस्तू इतकी वर्षं तोंडात राहिलीच कशी, हे त्याला बघायचं होतं. त्याने ती मधून उभी कापली, जाडी मोजली, त्या अज्ञात कारागिराला दोन शब्द वाहिले आणि तुकडे केराच्या डब्यात टाकले. सोमवारी डबा रिकामा झाला.

रविवारी आत्या इस्त्री केलेल्या कपड्यांत वर्कशॉपात आली. हातात पिशवी. मेहुण्याने तिच्यासाठी दोन गाद्यांची उंच बैठक केली होती, त्यावर ती चढून बसली. समोर मायक्रोफोन आला. मेहुण्याने मशीन सुरू केलं आणि बोट वर केलं.

आत्याने श्वास घेतला, गाल फुगवले.

"फू."

"सुरू झालंय आत्या, काढा तुम्ही."

"फू. फूऽऽ." ती थांबली. "अरे, वारा येतोय नुसता."

"ओठ जरा आवळ," कवळीवाला म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता. कारागीर म्हणून त्याला फुंकरीतच सगळं कळलं. सायरन आत्याचा नव्हता. तो त्या फटीचा होता आणि त्या हलणाऱ्या टाळूचा. हवा टाळू आणि कवळीच्या मधून शिरायची, कवळी थरथरायची, फटीतून शीळ निघायची आणि आत्या जिभेने ती वरखाली करायची. त्याने फट बुजवली होती. थरथर थांबवली होती. सायरन त्याने स्वतःच्या हाताने, फार सुबकपणे, बंद केला होता.

"जुनी कुठंय?" मेहुण्याने विचारलं.

कवळीवाला मायक्रोफोनची वायर सरळ करू लागला.

"भावोजी, जुनी कुठंय?"

"कापली."

"का?"

"बघायला."

मेहुण्याने काठ्या ड्रमवर हलकेच ठेवल्या. "लोक गिटार फोडतात," तो बाईंना म्हणाला. "आमच्या भावोजींनी आत्या फोडली."

"इलाज आहे," कवळीवाला म्हणाला. "तशीच वाईट कवळी पुन्हा बनवायची. त्यात काय अवघड आहे?"

अवघड आहे हे त्याला त्या आठवड्यात समजलं. वाईट काम करायलाही सराव लागतो आणि त्याला तो नव्हता. मेणात फट ठेवायला घेतली की बोटं आपोआप ती बुजवायची. टाळू सैल ठेवायचा म्हणून त्याने जबड्यावर पातळ पत्रा लावला. पत्रा लावून पाहिल्यावर तो कडेने नीट बसला नाही असं वाटलं, म्हणून घासून बसवला. सगळी हयात ज्या हाताला वळण लावलं, तो हात आता ऐकत नव्हता. पहिली वाईट कवळी घेऊन तो आत्याकडे गेला. तिने ती लावली, तोंड उघडलं, मिटलं.

"ही तर त्याच्यापेक्षा हलकी आहे. ही मी बाहेर जाताना लावीन."

आणि ती तिने ठेवून घेतली.

दुसरी त्याने डोळे मिटून केली, असं तो सांगतो. पुढच्या रविवारी आत्याने ती लावून जोर केला तेव्हा सायरनऐवजी कवळीच निघाली, बाईंच्या खांद्यावरून गेली आणि ड्रमवर आपटली. मेहुण्याने सवयीने ताल धरला. बाईंनी ती रुमालात उचलून आत्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "थेट उत्तरेला गेली."

तिसरीतून आवाज आला. फट बरोबर, थरथर बरोबर. आत्याने फुंकलं आणि एक लांब, बारीक, चढत जाणारा सूर निघाला. मेहुण्याने मशीन चालू आहे ना ते बघून घेतलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण खाली आली आणि खिडकीवरच्या गादीला धक्का देत म्हणाली, "अहो, तुमची किटली उकळून जाईल, गॅस बंद करा."

कवळीवाला खुर्चीत बसला. मेहुणाही आता काही बोलेना, आणि मेहुणा बोलत नाही म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, असं त्या घरात समजत.

"अजून एकदा, आत्या," कवळीवाला म्हणाला. "जरा खालून घे."

"आता नाही घेणार."

"एकदाच."

"अरे, किती आठवडे मी तोंडात ही भांडी कोंबतेय. हिरड्या सोलल्या माझ्या." तिने ती तिसरी कवळी काढली आणि मायक्रोफोनच्या शेजारी ठेवली. "तुला एक सांगू का? हा सायरन मी शिकले कशी? पुढचे दात पडले होते म्हणून. त्या भोकातून शीळ निघायची. दात आले आणि सायरन गेला. मग ऐन पंचविशीत वरचे दात गेले, ती खडखडी मिळाली आणि तो परत आला. म्हणजे सायरन यायचा तेव्हा मला सफरचंद खाता यायचं नाही. आता सफरचंद खाता येतंय, तर तुला सायरन हवाय."

"अल्बम सेहेचाळीसवर आहे गं."

"मग मी काय सत्तेचाळीसची आहे?"

तिने पिशवीतून आपली चांगली कवळी काढली, पाठ फिरवून लावली आणि पुन्हा समोर झाली. मग पिशवीतून एक सफरचंद काढलं. नव्या दातांपासून ती रोज एक खात होती, सालासकट, आणि ती वेळ टळलेली तिला चालत नसे. तिने ते पदराला पुसलं आणि चावलं.

कचकन आवाज झाला. मग चावण्याचा आवाज, सावकाश, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. कवळी हलत नव्हती. खडखड नव्हती. खालचे दात वरच्या दातांना जिथे भेटायला हवेत तिथेच भेटत होते. कवळीवाल्याने मान वर केली. गायक म्हणून तो बुडाला होता. पण हे ऐकताना त्याच्यातला कारागीर नकळत मान डोलावू लागला.

आत्याने दुसरा घास घेतला. पहिल्यापेक्षा मोठा.

"आता बघू कोण ओढून घेतं," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

मेहुण्याने हळूच हात वर केला. मशीन बंद करायचं राहून गेलं होतं. लाल दिवा चालू होता. "कोणी बोलू नका," तो पुटपुटला. "असा ठोका मला जन्मात जमलेला नाही."

आत्याने सफरचंद संपेपर्यंत खाल्लं. देठ तेवढा उरला. तो तिने कुठे टाकायचा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी फळीवरच्या कोणाच्यातरी जबड्यात ठेवला.

त्यानंतर वाद झालाच. कवळीवाला म्हणाला, गाणं सायरनचं आहे, सफरचंदाचं नाही. बाई म्हणाल्या, त्याच सालचं आहे, म्हणजे नकाशात बसतं. मेहुणा म्हणाला, सायरन हवाच असेल तर वरच्या मजल्यावरची किटली आहे. कवळीवाल्याने एक आठवडा ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. कामाच्या वेळी, पॉलिशचं चाक बंद ठेवून. बायको डबा घेऊन आली, तेव्हा तो कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसला होता.

"सायरन ऐकताय?"

"नाही. दाढा ऐकतोय."

ती डबा ठेवून निघून गेली. या माणसाशी संसार केला होता तिने. याहून विचित्र उत्तरं पचवली होती.

शेवटी त्याने शेवटचं गाणं बदललं. टेबलाखाली जेवणारं कुटुंब तसंच राहिलं, सायरनच्या ओळी तशाच राहिल्या. पण सायरन येईल असं वाटतं तिथे वाद्यं थांबतात आणि एक म्हातारी बाई सफरचंद खाते. पहिल्या घासापासून देठापर्यंत. मध्ये तिचं वाक्यही आहे. ते काढून टाकू का असं विचारलं तर आत्या म्हणाली, "ते राहू दे. तुझा बाप कुठे असेल तिथे ऐकू दे त्याला."

अल्बम निघाला. ज्यांच्या तोंडात त्याचे दात होते अशा बऱ्याच जणांनी तो घेतला. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर त्याच्याबद्दल चार ओळी आल्या. समीक्षकाने लिहिलं होतं, की अल्बम कच्चा आहे आणि नकाशाचं गाणं संपतच नाही. पण शेवटी येणारा हाडं मोडल्याचा भीषण आवाज युद्धोत्तर काळाची सगळी क्रूरता अंगावर आणतो.

कवळीवाल्याने ते कात्रण आत्याला वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. हातात सफरचंद होतं.

"हाडं? मी काय कुत्री आहे?"

"अगं, चांगलं म्हटलंय त्याने."

"आणि दातांबद्दल? दात कोणी केले, ते काही लिहिलंय?"

कवळीवाल्याने कात्रण पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "लक्षातच नाही आलं त्याच्या."

आणि कात्रण घडी करून खिशात घालताना तो इतका खूश दिसत होता, की आत्याने सफरचंद चावायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं.